घरामागचं चार हात रान

पुण्यात घर घ्यायचं, असं आम्ही नवरा-बायको कधी म्हणालोच नाही. ‘पुण्याकडं’ घर घ्यायचं म्हणायचो. पुण्यात घर घेणारी माणसं वेगळी. आम्ही भोसरीत दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत आठ वर्षं काढलेली. नवरा चाकणला एका कंपनीत टर्नर, मी त्याच बाजूला वायरिंगच्या कारखान्यात लाईनवर. दोघांचे पगार बघून बँक जेवढं कर्ज देईल तेवढ्यात नाशिक रस्त्यानं जिथवर जाऊन घर मिळेल तिथवर जायचं, एवढंच आमच्या हातात होतं. दुसऱ्या रस्त्याचा विचारही आमच्या मनात आला नाही. जुन्नर-आंबेगावची माणसं घर बघतात ती भोसरीच्या पुढंच. रस्त्यावर येऊन उभं राहिलं की एसटी थेट गावाकडं. हडपसरला, सासवडकडं स्वस्त पडलं असतं का, ते आम्ही कधी विचारलंसुद्धा नाही.

दर रविवारी मोटरसायकल काढायची आणि फिरायचं. मोशीचा दर ऐकला की मोशी सोडायची, चिखलीचा ऐकला की चिखली सोडायची. एजंट लोक सगळीकडं ‘हायवेपासून दहा मिनिटं’ म्हणायचे. त्यांची दहा मिनिटं आम्ही घड्याळ लावून मोजली, एकदा पस्तीस भरली. मी तिथल्या तिथं त्या माणसाला म्हणाले, “भाऊ, तुमचं घड्याळ दुरुस्तीला टाका.” नवरा कानकोंडा होऊन दुसरीकडं बघायला लागला. माझ्या तोंडाला लगाम नाही, हे इथंच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या तोंडाचा वाटा मोठा आहे.

पण खरं घोडं दरापाशी अडलेलं नव्हतं. ते माझ्या बाबांपाशी अडलं होतं.

मी आई-बापाची एकुलती एक. आमचं गाव आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरकडं जाणाऱ्या रस्त्यावरून आत चढून जावं लागतं. आई गेली आणि बाबा तिथं एकटे राहिले. भात, थोडी नाचणी, एक म्हैस, ती पण पुढं विकली. फोनला रेंज यायची तर घराच्या वरच्या खडकावर जाऊन उभं राहावं लागतं. एका पावसाळ्यात बाबा बांधावरून घसरून पडले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथंच चिखलात पडून राहिले. शेजारची बाई गवताला गेली तिला दिसले म्हणून वाचले. मला हे कळलं तिसऱ्या दिवशी, तेही बाबांकडून नाही. त्यानंतर लाईनवर उभी असले तरी माझं अर्धं डोकं त्या बांधावर असायचं. क्वालिटीवाल्यांची बोलणी मी त्याच महिन्यात सगळ्यात जास्त खाल्ली.

मला बाबांना आणायचं होतं. घर घ्यायचं ते त्याच्यासाठी, बाकी कारणं वरवरची. पण आमच्याकडं बाप लेकीच्या घरी राहत नाही. पाहुणा म्हणून येतो, चहा घेतो, नातीच्या हातावर काहीतरी ठेवतो आणि शेवटच्या एसटीनं परत जातो. बाबा भोसरीला येत तेव्हा जेवताना डोक्यावरची टोपी काढायचे नाहीत, दुसरी भाकरी मागायचे नाहीत. मुक्काम पडलाच तर पहाटे चारला अंघोळ करून पिशवी घेऊन दारात बसलेले. “राहा की चार दिवस,” म्हटलं की म्हणायचे, “जावयाच्या घरी किती ऱ्हायाचं बाई. लोक काय म्हनतील?” माझा नवरा स्वभावानं गरीब. तो मनापासून म्हणायचा, “मामा, तुमी ऱ्हायलात तर आमालाच आधार.” बाबा हसून मान हलवायचे आणि पिशवी उचलायचे.

त्यामुळं मी ठरवलं की घर बाबांना दाखवूनच घ्यायचं. माणसानं स्वतः पसंत केलेल्या जागी राहायला त्याला लाज वाटणार नाही, असा माझा हिशेब.

आधी एक फ्लॅट दाखवला, चिखलीच्या पुढं. तिसरा मजला, लिफ्टचं काम ‘चालू होणार’. पाणी टँकरचं. बाबा जिना चढून आले, खोलीच्या मधोमध उभे राहिले, वर बघितलं, खाली बघितलं.

“खाली कोन ऱ्हातं?”

“दुसरं बिऱ्हाड.”

“आन् वर?”

“वर अजून एक.”

“मंग ह्यात आपलं काय?” बाबा म्हणाले. एजंट हसला. बाबा हसले नव्हते, ते खरंच विचारत होते. मी काहीतरी समजावून सांगितलं, पण जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की ह्या घरात हा माणूस दोन दिवस टिकणार नाही.

मग आम्ही गुंठ्यांकडं वळलो. चाकणच्या अलीकडं, हायवेपासून बरंच आत, एका शेताचं प्लॉटिंग पडलं होतं. एजंटनं स्वतःच्या गाडीतून नेलं, वडापाव खायला घातला. जमीन उताराची होती. वरच्या अंगाला मुरमाड माळ, खडे आणि कुसळं. खालच्या अंगाला ओढ्याकडं सपाट काळं रान, त्यात मागच्या पिकाची धसकटं अजून उभी. पांढऱ्या फक्कीनं आखून दोन्हीकडं प्लॉट पाडलेले. वरचे महाग, खालचे स्वस्त. मी विचारलं असं का, तर एजंट म्हणाला, “वर हवा चांगली मिळती ताई.” ओढूनताणून आम्हाला वरचाही परवडत होता.

बाबा आमच्याबरोबर वर आलेच नाहीत. ते खालीच थांबले. आम्ही उतरून आलो तर ते उकिडवे बसले होते. हातात ढेकूळ. ते त्यांनी बोटांनी फोडलं, तळहातावर पसरलं, नाकाशी नेलं, परत मुठीत धरलं.

हे समजायला आमचं थोडं आधीचं सांगायला पाहिजे. आमच्या गावची जमीन तांबडी, उतारावरची, कुदळ मारली की खडाखड वाजणारी. पावसाळा सरला की तिच्यात काही होत नाही. म्हणून भात निघालं की आई-बाबा पूर्वेला मजुरीला जायचे. कधी निरगुडसर, कधी लोणीच्या बाजूला. कांद्याची लागण, काढणी, बटाटे, मालक सांगेल ते. मीही लहानपणी तीन-चार हिवाळे त्यांच्याबरोबर गेले. मालकाच्या शेताच्या कडेला पाचटाचं खोपाट असायचं, त्यात राहायचं. दिवसभर त्या काळ्या रानात वाकून काम आणि संध्याकाळी हातपाय धुताना बाबा आईला म्हणायचे, “नुस्तं बी फेकलं तरी उगवंल गं हितं.” रोज म्हणायचे. आई वैतागायची. “आपलं हाय का ते?” म्हणायची. दुसऱ्याच्या काळ्या रानात त्या माणसाची चाळीस वर्षं गेली, आणि स्वतःच्या नावावर असली मूठभर माती त्याच्याकडं कधी नव्हती.

तर बाबा त्या प्लॉटवर बसले होते. मी जवळ गेले तेव्हा वर न बघता म्हणाले, “हीच घे बाई. म्होरं दोन खोल्या काढ. मागं चार हात जागा ऱ्हाईल. तेवढी मला बास झाली.”

“म्हणजे तुम्ही येणार?”

“येतो की. ऱ्हायालाच येतो.”

इतकी वर्षं विनवण्या करून जे तोंडातून निघत नव्हतं ते एका ढेकळानं निघालं. मी तिथंच एजंटला हो म्हणून टाकलं. नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

परतताना मोटरसायकलवर नवरा म्हणाला, “अगं, कंपनीतला एक गवंड्याचा पोरगा म्हणतो, काळ्यावर घर बांधू नये. पाया लई खाली न्यावा लागतो. वरच्या ओळीतला घेऊ. मागं माती आणून टाकू मामांना.” तळपायाची आग मस्तकात गेली माझी. तुम्हाला माझा बाप नकोच आहे, इथपासून तुमची आई असती तर, इथपर्यंत सगळं मी हेल्मेटच्या आतून त्याच्या पाठीला ऐकवलं. त्याची आई वारलेली. तो गाडी चालवत राहिला. मोशीच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, “बरं, खालचाच घेऊ.” त्या वेळी मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

खरेदीखत झालं. कामाला गवंडी लावला. पाया खणताना पाच फुटांवर गेला तरी काळंच निघत होतं. गवंडी खड्ड्यात उभा राहून म्हणाला, “मुरूम लागंस्तवर खनलं पायजे. आजून तीन-चार फूट तरी हाय.” म्हणजे अजून दगड, अजून सिमेंट, अजून मजुरी. आमच्याकडं छतापुरतंच उरलं होतं. खड्ड्याच्या कडेला बाबाही उभे होते, मुद्दाम गावाहून आलेले. मी विचारलं, “बाबा, बास ना एवढं?” ते खड्ड्यात बघत राहिले. मग म्हणाले, “तुमी ठरवा.” मला ते त्यांच्या नेहमीच्या भिडस्तपणाचं बोलणं वाटलं. मी गवंड्याला सांगितलं, इथूनच वर घ्या. खाली बाहेरचा मुरूम टाकून धुम्मसानं ठोकून घट्ट केला, आणि भिंती उभ्या राहिल्या.

बाबा खरंच राहायला आले. एक गोधडी, एक कुदळ, एक विळा आणि मडक्यात राख लावून ठेवलेलं बी. घरामागं अकरा फूट रुंदीची पट्टी होती, लांबीला घराएवढी. ती त्यांनी आठ दिवसांत अशी केली की शेजारचे बघायला आले. मेथी, शेपू, मिरची, भिंतीला धरून वालाचे वेल. त्यांनी अंघोळीचं पाणी कधी मोरीत जाऊ दिलं नाही. बादलीनं नेऊन वाफ्यात घालायचे, सकाळी एकदा आणि उन्हं उतरल्यावर एकदा. मी कामावरून आले की वट्यावर मेथीची जुडी निवडून ठेवलेली असायची. आणि एक दिवस जेवताना त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. नात म्हणाली, “आजोबा, तुमचे केस किती पांढरे.” ते हसले आणि म्हणाले, “वाढ गं बाई आजून एक भाकर.” मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून तव्याकडं बघत राहिले. माझं लग्न झाल्यापासून एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून केसासारखी रेघ आली. प्लास्टर आहे, येतंच, असं सगळे म्हणाले. पावसाळ्यात मागचं दार चौकटीत बसेना, खांदा लावून ढकलावं लागायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात ती रेघ छतापर्यंत गेली आणि तिच्यात माझं बोट बसायला लागलं. नवरा पेन्सिलनं भेगेच्या टोकाला खूण करायचा, आठवड्यानं परत बघायचा. खूण मागं राहिलेली असायची. तो नुसती नवी खूण करायचा. मला त्या पेन्सिलचाच राग यायला लागला होता.

शेवटी नवऱ्याच्या ओळखीनं एक इंजिनिअर आला. वयस्कर माणूस, सावकाश बोलणारा. घराभोवती फिरला, मागं गेला, वालाचा वेल बाजूला करून भिंतीचं बूड बघितलं.

“काळी माती पाणी प्यायली की फुगते, आणि सुकली की आखडते,” तो म्हणाला. “तुमचं घर वर-खाली होतंय. पाया आता बदलता येणार नाही. पण एक करता येईल. घराच्या चौफेर, कंपाऊंडपर्यंत, सिमेंटचा जाड कोबा करून घ्या. पाण्याचा थेंब भिंतीखाली जाता कामा नये.”

“आणि ही बाग?” नवऱ्यानं विचारलं.

“ही आधी काढा. रोज दोन वेळा पाणी भिंतीच्या मुळाशी घालताय तुम्ही.” मग त्यानं बाबांकडं बघून सहज विचारलं, “आजोबा, तुम्ही शेतकरी ना? काळ्यावर घर बांधतात का?”

बाबा झारी हातात धरून उभे होते. इंजिनिअर चहा पिऊन गेला.

आणि मग मी जे बोलले ते आज लिहितानाही हात आखडतो. कर्जाचे हप्ते, डबल ड्युट्या, दोन वर्षं नवी साडी नाही, सगळं एकदम बाहेर आलं. मी म्हणाले, “जन्मभर लोकांच्या रानात राबलात, आणि त्याची हौस माझ्या घरावर फेडून घेतलीत. वरचा प्लॉट मिळत होता. हे सांगत होते, मी ह्यांचं ऐकलं नाही. तुम्ही हीच घे म्हणालात म्हणून घेतली. तुम्हाला काही कळत नव्हतं तर बोललात कशाला?” नवरा म्हणाला, “अगं, बास कर.” मी त्यालाही झिडकारलं.

बाबांनी झारी खाली ठेवली. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

“कळत नव्हतं असं न्हाई बाई,” ते म्हणाले. “मला ठावं व्हतं.”

“काय ठावं होतं?”

“निरगुडसरला मालकाचा गोठा व्हता काळ्या रानात. दर साली त्येची भित फाटायची. दर साली मीच लिंपायचो. काळ्यावर घर ऱ्हात न्हाई, हे मला तवापासनं ठावं हाय.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही ते काय म्हणतायत.

“त्या दिशी हातात घेतली आन् सोडवंना,” ते म्हणाले. “म्हनलं, आपल्या लेकीच्या नावावर हुईल. आपुन तिच्यात हात घालू. पाया खाली नेतील, न्हाई काय व्हनार. मंग तू खड्ड्यापाशी इचारलंस, बास का म्हून. तवाबी तोंडावर आलं व्हतं. पन खाली जायाचं म्हनलं तर तुमच्याकडं काय उरलं नव्हतं, ते बी मला ठावं. जागाच बदला म्हनलो असतो तर मागचं रान गेलं असतं. मी गप ऱ्हायलो.” मग म्हणाले, “चुकी माझीच हाय. तू बोलतीस ते खोटं न्हाई.”

मी रागानं बोलते तेव्हा मला कुणी तरी खोटं पाडावं एवढीच इच्छा असते. कुणी तरी म्हणावं, तुझंच चुकलं, तूच हो म्हणालीस, तूच पाया थांबवलास. तेच खरं होतं. माझं बोलणं खरं मानून बाबांनी भांडायला माझ्या हातात काही ठेवलं नाही. मी आत जाऊन पलंगावर बसले. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर मागं वाफे नव्हते. मेथी, शेपू, मिरचीची फुलावर आलेली रोपं, सगळं उपटून कोपऱ्यात ढीग लावलेला. वालाचे वेल भिंतीवरून सोडवून गुंडाळून ठेवलेले. बाबा कुदळीनं जमीन सारखी करत होते, उतार बाहेरच्या बाजूला काढत होते. मला म्हणाले, “गवंड्याला निरोप धाड. मुरूम आनाया सांग. धुम्मस मी करतो, तेवढीच तुमची मजुरी वाचंल.” आवाजात काही नव्हतं. मी म्हणाले, “बाबा, मी काल रागात...” ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे.” मी त्यांच्या हातातली कुदळ घ्यायला गेले, त्यांनी दिली नाही.

नवऱ्यानं मध्यम मार्ग काढायचा प्रयत्न केला. म्हणाला, मामा, गच्चीवर कुंड्या ठेवू, ड्रम कापून आणतो, माती भरू. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पावनं, तुमी लई भलं मानूस.” कुंड्यांचं पुढं काही झालं नाही.

कोब्याला दोन दिवस लागले. गवंडी आणि एक बाई हाताखाली, आणि तिसरे बाबा. खडी पसरली, वर काँक्रीट, वर सिमेंटचा हात. अकरा फुटांची पट्टी भिंतीपासून कंपाऊंडपर्यंत एकसारखी करडी दिसायला लागली. गवंडी जाताना म्हणाला, “दहा दिस पानी मारा, सकाळ-संध्याकाळ. वाळू देऊ नका, न्हाय तर तडे जातील.” बाबा म्हणाले, “मी मारतो.”

आणि बाबा त्या सिमेंटवर पाणी मारायला लागले. सकाळी बादली आणि झारी, उन्हं उतरल्यावर बादली आणि झारी. पोती अंथरून ती भिजती ठेवायचे. कडेपासून सुरू करायचे, मागं मागं सरकत दारापाशी यायचे, एकही कोपरा सुका सोडायचे नाहीत. मी मागच्या दारात उभी राहून बघायचे. काम तेच होतं, हात तेच होते, फक्त खाली काही नव्हतं. ते माझ्याकडं बघायचे, काम चालू ठेवायचे. जेवायला परत टोपी घालून बसायला लागले होते. मी ते बघितलं आणि काही बोलले नाही. कारण बोलायची माझी छातीच राहिली नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी बाबांनी गोधडीची घडी घालायला घेतली. मी चपापले. म्हणाले, “बाबा, इंजिनिअरसाहेबांचा फोन आला होता. म्हणाले दहा दिवसांनी काही होत नाही, एकवीस दिवस पाणी पाहिजे.” कुणाचाही फोन आला नव्हता. बाबांनी माझ्याकडं बघितलं. “एकवीस?” “हो, काळ्या मातीवरचं काम आहे म्हणाले.” त्यांनी गोधडी परत ठेवली आणि बादली उचलली.

अकरा दिवस आणखी. मला वाटलं होतं, तेवढ्यात काहीतरी होईल. राग निवेल, सवय होईल, नात गळ्यात पडेल, कुठून तरी एखादी वाट निघेल. मी त्या अकरा दिवसांत त्यांच्या आवडीचं सगळं केलं. बोंबलाचं कालवण, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं. ते खायचे, “चांगलं झालंय” म्हणायचे. शेजारची बाई भिंतीवरून म्हणाली, “आजोबा, आता किती पानी पाजताय त्याला, पक्कं झालं की ते.” बाबा म्हणाले, “लेकीनं सांगितलंय.” आणि झारी भरायला वळले. मी आतून ऐकत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. एकवीस दिवस कुणी सांगितले, कशासाठी सांगितले, सगळं माहीत आहे. माझ्यासाठी ते रोज दोन वेळा ओल्या सिमेंटवर पाणी मारतायत.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळचं पाणी मारून झालं. त्यांनी झारी धुतली, उपडी घातली, पोती झटकून कंपाऊंडवर वाळत टाकली. मी चहा घेऊन गेले. ते दाराच्या पायरीवर बसले होते. कोबा ओला होता, त्यावर पाय पडू नये म्हणून पाय आखडून घेतलेले.

मी म्हणाले, “बाबा, अठ्ठावीस दिवस मारलं तर अजून...”

“बाई,” ते म्हणाले, इतक्या हळू की मला वाकावं लागलं, “शिमिटाला पानी घालून काय उगवत न्हाई. जाऊ दे आता मला.”

नवरा तेवढ्यात कामावरून घरात आला. त्यानं भेगेशी जाऊन पेन्सिलची खूण बघितली. म्हणाला, “तीन आठवडे झाले, भेग पुढं सरकली नाही.” आवाजात त्याच्या आनंद होता आणि त्याला तो लपवताही येत नव्हता. घर वाचलं होतं. बाबांनीही मान वळवून भिंतीकडं बघितलं आणि म्हणाले, “झालं मंग.”

मी धरून बसले असते तर ते राहिले असते. माझ्या शब्दाखातर त्या करड्या जागेकडं बघत पायरीवर बसून राहिले असते, वर्षानुवर्षं, एक अवाक्षर न काढता. तोंडावर आलंही होतं, राहा म्हणून. पण कशासाठी राहा म्हणू, ते मला सांगता येईना. मी आत गेले आणि सकाळच्या एसटीसाठी डबा घासायला घेतला.